मुखपृष्ठावरचा पोपट

ताई, नमस्कार.

मी मूळची साताऱ्याची. सहा वर्षांपासून मेलबर्नच्या पश्चिमेला, पॉइंट कुकला राहते. दोन वर्षांपूर्वी नवऱ्याने वाढदिवसाला कॅमेरा घेऊन दिला आणि मला पक्ष्यांचं वेड लागलं. यंदा आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी मी पाच फोटो पाठवले. चार वेरिबीच्या पाणथळीतले होते. पाचवा ऑरेंज-बेलीड पॅरटचा, जुलैत हील्सव्हिल सँक्च्युअरी या प्राणिसंग्रहालयात जाळीतून काढलेला. कुठला फोटो कुठला ते मी लिहिलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. अंक हातात आला तेव्हा पोपट मुखपृष्ठावर होता आणि आतल्या पानावर ओळ होती, ‘वेरिबीच्या खाजणात टिपलेला अतिदुर्मिळ पोपट’.

मी गप्प बसले. लोक भरभरून कौतुक करत होते. मग मंडळातल्याच एका गृहस्थांचा मेसेज आला. ते दर हिवाळ्यात पक्षीगणनेला जातात. फोटो कोणत्या महिन्यातला, कोणत्या तळ्यापाशी, पायातल्या कड्यांचे रंग कोणते, असं त्यांनी विचारलं. मी लिहिलं, ‘जुलै असावा, कड्यांचं लक्षात नाही.’ त्या दिवसापासून नीट झोप नाही.

बाबांनी साताऱ्याच्या घरी मुखपृष्ठ फ्रेम करून लावलंय. लहानपणी आमचा लव्हबर्डचा पिंजरा टांगायचा त्याच खिळ्याला. फोनवर म्हणाले, ‘रानातला पक्षी एवढा जवळ कसा येऊ दिला गं त्याने तुला?’ मी विषय बदलला.

एका मैत्रिणीला सांगितलं तर ती म्हणाली, ‘पक्षी तोच ना? काय फरक पडतो?’ एक फोटोग्राफर मित्र म्हणतो, पिंजऱ्यातला फोटो हा फोटोच नव्हे. मला दोघांचंही पटत नाही. मी आता काय करू? हील्सव्हिलला जाणं सोडून देऊ का? आणि रानात तसा फोटो मिळण्यासाठी मोठी लेन्स घ्यावी लागेल का?

— गप्प बसलेली, पॉइंट कुक

*

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या गृहस्थांना खरं कळवा. हे उत्तर अर्धवट सोडून कळवलंत तरी चालेल. मंडळ, बाबा, लेन्स हे सगळं आठवडाभर थांबू शकतं. तो एक मेसेज थांबण्यासारखा नाही.

का, ते तुमच्या पोपटावरूनच सांगते. हा पक्षी लव्हबर्डपेक्षा जरासा मोठा, वजनाने पन्नास ग्रॅमच्या आसपास. टास्मानियाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात मेलालूका नावाची जागा आहे. तिथे रस्ता जात नाही, छोट्या विमानाने उतरायचं किंवा कित्येक दिवस चालत जायचं. रानातल्या या पोपटांची वीण आता तिथेच होते. उन्हाळा सरता सरता ते बासची सामुद्रधुनी ओलांडून व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर येतात आणि खाजणातल्या खारट झुडपांच्या बिया खाऊन इथला जून ते ऑगस्टचा हिवाळा काढतात. असा समुद्र ओलांडून जाणारा पोपट जगात विरळाच. २०१६ च्या वसंतात मेलालूकाला परत पोचलेले पक्षी होते फक्त १७. सतरा! आपल्याकडे एका लग्नाच्या पंगतीत एका ओळीला याहून जास्त माणसं बसतात. पिंजऱ्यात वाढवलेले पक्षी वर्षानुवर्षं सोडत राहिल्यावर अलीकडे परतणाऱ्यांचा आकडा सत्तरीच्या पुढे गेला आहे.

इतके थोडे असल्यामुळे त्यांची माणसांसारखी नोंद ठेवतात. पायातल्या कड्यांवरून हा कोण, कुठे जन्मला, किती वेळा समुद्र ओलांडून आला, ते सांगता येतं. म्हणून त्या गृहस्थांनी कड्यांचे रंग विचारले. तुमच्या ‘जुलै असावा’ या दोन शब्दांनी त्यांच्या मनात वेरिबीच्या खाजणात एक जिवंत पक्षी येऊन बसला आहे. पुढच्या हिवाळ्यात चार माणसं तिथे बोचऱ्या वाऱ्यात दुर्बिणी लावून त्याला शोधतील. शोधणारी माणसं थोडी, किनारा शेकडो किलोमीटरचा. ती चार माणसं ज्या खाजणात हवी होती, तिथे त्या दिवशी नसतील.

मेसेज लांबवू नका. ‘तो फोटो हील्सव्हिलचा, जाळीतला आहे. अंकातली ओळ चुकली आणि तुम्ही विचारलंत तेव्हाही मी खरं सांगितलं नाही. माफ करा. कुठे नोंद केली असेल तर कृपया काढून टाका.’ एवढंच. संपादकांनी परस्पर लिहिलं वगैरे खुलासा त्यात नको. संपादकांची चूक वेगळी आणि तुमच्या मेसेजमधली चूक वेगळी. या माणसाचा संबंध दुसरीशी आहे.

केलंत? आता सावकाश बोलू.

‘पक्षी तोच ना, काय फरक पडतो’ हा प्रश्न मी बरीच वर्षं डोक्यात घेऊन हिंडले आहे. त्याचं उत्तर मला दोन जुन्या चित्रांत मिळालं, दोन्ही इथलीच, ऑस्ट्रेलियातली. पहिलं पक्ष्याचं नाही. डिसेंबर १९३३ मध्ये होबार्टच्या बोमारिस झूमध्ये डेव्हिड फ्ले नावाच्या तरुण निसर्गअभ्यासकाने थायलसिनचं, म्हणजे टास्मानियन टायगरचं चित्रण केलं. काळंपांढरं, मिनिटभराचं. प्राणी पिंजऱ्यात फेऱ्या मारतो, बसतो, जबडा अविश्वसनीय इतका फाकून जांभई देतो. ७ सप्टेंबर १९३६ ला त्याच प्राणिसंग्रहालयात शेवटचा थायलसिन मेला. हेच फ्ले पुढे हील्सव्हिलचे प्रमुख झाले, तुम्ही जाळीपाशी उभ्या राहिलात त्या हील्सव्हिलचे. थायलसिनचं जेवढं म्हणून चलचित्र जगात उरलं आहे ते सगळं पिंजऱ्यातलं आहे. तुमचा मित्र म्हणतो ते खरं मानलं तर हे सगळं फेकून द्यावं लागेल. माझ्या छातीत ते बघताना आजही कळ येते. पट्टे, शेपटीची ताठर ठेवण, चालताना मागच्या पायांची चाल, सगळं त्यात आहे. पण तो शिकार कशी करायचा, पिल्लांशी कसा वागायचा, पहाटे नेचांच्या गर्दीतून बाहेर येताना कसा थबकायचा, याचं एकही दृश्य आपल्याकडे नाही आणि आता कधीच असणार नाही. पिंजऱ्याने शरीर जपून ठेवलं, जगणं नाही जपता आलं.

दुसरं चित्र पॅराडाइज पॅरटचं. निळाई, लाली, तपकिरी आणि काळा रंग ल्यालेला क्वीन्सलंडचा हा पोपट एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या पिंजऱ्यांतही पोचला होता. पण जिवंत पक्ष्याचे म्हणून जे फोटो मागे राहिले ते रानातले. १९२२ मध्ये सिरिल जेरार्ड नावाच्या पशुपालकाने बर्नेट भागात लपण, म्हणजे लपून बसायचा आडोसा, उभारून काढलेले. जोडी वारुळापाशी आहे, कारण हा पोपट वाळवीच्या वारुळात बीळ कोरून घरटं करायचा. फोटोत रंग नाहीत. तरी त्यात वारूळ आहे, भोवतालचं कोरडं गवत आहे, आणि तो पोपट कशावर जगत होता ते दिसतं. गुरांनी गवत खाल्लं, दुष्काळ पडले, बी धरायच्या आत गवत संपत गेलं. १९२७ नंतर त्याचं खात्रीचं दर्शन नाही. आज तो नामशेष झाला तो कशामुळे, हे सांगताना अभ्यासक त्या फोटोतल्या गवताकडे आणि वारुळाकडे बोट दाखवू शकतात. रंगीत पिसं संग्रहालयाच्या खणातही आहेत.

मैत्रिणीला हे सांगा. पक्षी तोच, पण फोटोत पक्ष्याबरोबर त्याची जागाही येते आणि पिंजऱ्यातल्या फोटोत ती जागा माणसाने रचलेली असते. म्हणून फोटोखालच्या ओळीत जागा खोटी लिहिली की अर्धा फोटोच खोटा होतो. २००९ चा लंडनचा वन्यजीव छायाचित्रणाचा सर्वोच्च पुरस्कार कुंपणावरून झेप घेणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळाला होता. २०१० च्या जानेवारीत परीक्षकांनी तो काढून घेतला. लांडगा बहुधा माणसाळलेला, भाड्याने मिळणारा आहे असं त्यांचं मत झालं. फोटोग्राफरने ते नाकारलं. फोटो तर आधी होता तितकाच देखणा राहिला होता. लोकांना तो बघवेना, कारण रात्रीच्या अंधारात कुंपण ओलांडणारं रानटी जनावर म्हणून त्यांनी तो मनात ठेवला होता.

आता बाबांचा लव्हबर्ड. हा विषय मला फार जवळचा आहे. महाराष्ट्रात गॅलऱ्यांमध्ये, दुकानांच्या दारांत, शाळेजवळच्या पिंजऱ्यांत जे ‘लव्हबर्ड’ म्हणून मिळतात ते बहुतेक वेळा बजरीगर असतात. ते ऑस्ट्रेलियाचे. जॉन गोल्ड यांनी १८४० मध्ये जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले, तिथून ते जगभरच्या पिंजऱ्यांत पसरले. निळे, पांढरे, पिवळे हे सगळे पिंजऱ्यातल्या पैदाशीचे रंग. रानातला थवा हिरवा. नाशिकला आमच्या शेजारच्यांकडे निळी जोडी होती, म्हणून चाळीस वर्षांची होईपर्यंत मला वाटायचं, बजरीगर निळाच. मग एका वर्षी ॲलिस स्प्रिंग्जच्या उत्तरेला, चांगला पाऊस होऊन गेल्यावर, एका पाणवठ्यापाशी पहाटे बसले होते. आधी आवाज आला, दूरवर कुठेतरी पावसाची सर येतेय असा. नंतर झाडांमागून हिरवा ढग उठला. किती हजार, सांगता येणार नाही. वळताना सगळा ढग पिवळा व्हायचा, परत वळला की हिरवा. ते पाण्यावर उतरले, एकेकाने दोनतीन घोट घेतले आणि पुन्हा वर. मी कॅमेरा उचलला तेव्हा हात थरथरत होते. माझ्याकडे त्या सकाळचा एक बरा फोटो आहे आणि त्यात एकही पक्षी नीट फोकसमध्ये नाही. शेजाऱ्यांच्या निळ्या जोडीचा डोळान्‌डोळा स्पष्ट दिसणारा फोटो मी शाळेतच काढला होता. तो फोटोही माझ्याकडे आहे. दोन्ही शेजारी ठेवून मी कितीतरी वेळ बघत बसते.

म्हणून तुमच्या बाबांचा प्रश्न, ‘एवढा जवळ कसा येऊ दिला त्याने’, मला फार मोलाचा वाटला. त्यांनी आयुष्यात पिंजरा पाहिलाय, त्यामुळे रानातला पक्षी जवळ येत नाही हे त्यांना ठाऊक आहे. त्यांनी विचारलंय ते एखाद्या अनुभवी परीक्षकाने विचारावं तसं. त्यांना उत्तर द्या. ‘बाबा, तो जाळीत होता. त्याची जात संपत आली म्हणून जपून ठेवलाय, आणि त्याची पिल्लं सोडतात.’ ते मुखपृष्ठ उतरवतील असं मला वाटत नाही.

आता तुमच्या फोटोग्राफर मित्राकडे येते. पिंजऱ्यातला फोटो फोटोच नव्हे, असं तो म्हणतो. रानातल्या ऑरेंज-बेलीड पॅरटचे जे फोटो तुम्ही पाहिले असतील, त्यातले बहुतेक मेलालूकाचे असतात. तिथे पक्ष्यांसाठी दाणे ठेवलेली टेबलं आहेत आणि समोर माणसांना बसायला लपण आहे. पक्षी माणसाने बसवलेल्या पेट्यांत घरटी करतात. त्यातले कितीतरी हील्सव्हिलसारख्या ठिकाणी पिंजऱ्यात जन्मलेले. मग त्या टेबलावरच्या पोपटाला काय म्हणायचं? मी त्याला रानातला म्हणते, कारण एप्रिलमध्ये तो कुणाच्या परवानगीशिवाय समुद्रावर झेपावतो. पण फोटोखाली मी ‘मेलालूका, दाण्याच्या टेबलाजवळ’ असं लिहीन. भिगवणला नावाडी खाऊ उधळतात आणि कुरव पक्ष्यांचा थवा नावेवर झेपावतो, त्या फोटोंखाली कोण लिहितं खाऊ टाकला म्हणून? लिहायला हवं. रान आणि पिंजरा यांच्यामध्ये पुष्कळ जागा आहे आणि बरेचसे फोटो तिथेच निघतात.

दुसरं असं, की रानात काढलेला फोटो आपोआप चांगुलपणाचा ठरत नाही. हे मी पुस्तकातून शिकले नाही. इथे आल्यावर तिसऱ्या उन्हाळ्यात मी एका समुद्रकिनाऱ्यावर हूडेड प्लवरच्या मागे लागले. आपल्या कंठेरी चिखल्याचा हा नातलग, डोकं काळं, चोच लाल, टोकाला काळी. हे पक्षी भरतीच्या रेषेच्या वर, उघड्या वाळूत नुसता खळगा करून अंडी घालतात, आणि अंडी उबवायला सुमारे चार आठवडे लागतात. मला घरटं कुठे आहे माहीत नव्हतं. पक्षी समोर पळत होता, थांबत होता, मला वाटलं तो पोज देतोय. मी वाळूत पालथी पडून तासभर फोटो काढले. नंतर एका स्वयंसेवक बाईंनी शांतपणे मला लांब नेलं आणि दाखवलं: मी जिथे पडले होते तिथून वीस पावलांवर तीन अंडी होती, भर दुपारच्या उन्हात, उघडी. पक्षी पळत होता तो मला तिथून दूर न्यायला. त्या अंड्यांचं पुढे काय झालं हे विचारायचं धाडस मला झालं नाही. ते फोटो अतिशय सुंदर आले होते. रानातले, अस्सल, विनाजाळीचे. मी ते कुणालाही दाखवत नाही.

त्या दिवसाशी तुलना केली तर जुलैत तुम्ही जाळीपाशी उभं राहून कुणाचंही काही बिघडवलं नाहीत. त्या पोपटाने तुमच्यामुळे एक दाणाही कमी खाल्ला नाही. इतक्या दुर्मिळ पक्ष्याच्या बाबतीत तर मी सरळ सांगेन, चेहरा बघायचा असेल तर हील्सव्हिलला जा आणि खाजणातल्याला खाजणात राहू द्या. काही ठिकाणी तर रानातल्या पक्ष्यासमोर कॅमेरा काढायचाच नसतो. फिलिप आयलंडला संध्याकाळी पेंग्विन किनाऱ्यावर येतात तेव्हा फोनसुद्धा खिशात ठेवायला सांगतात. ते बरोबरच आहे. आवाज वाजवून पक्षी बोलावणं, घरट्यावर लेन्स रोखून बसणं, घुबडाची बसायची जागा सगळ्यांना कळवणं, यातलं काहीच मला मान्य नाही, कितीही मोठा पुरस्कार मिळत असला तरी.

तेव्हा हील्सव्हिलला जाणं सोडू नका. उलट जास्त जा आणि वेगळ्या डोळ्यांनी जा. मी लायरबर्ड तिथे पाहिला, मोठ्या बंदिस्त अंगणात. तीन वेळा गेले आणि दर वेळी नुसता त्याचा आवाज ऐकत बसले. नकला तर तो करतोच, इतर पक्ष्यांचे आवाज एकामागून एक काढतो, ते सगळ्यांना माहीत असतं. माझ्या कानात बसला तो त्याच्या पायांचा आवाज. मोठ्या, भक्कम नख्यांनी पालापाचोळा उकरायचा, थांबायचं, पुन्हा उकरायचं. नंतर जूनमध्ये मेलबर्नजवळच्या शेरब्रुकच्या जंगलात गेले, जिथे माउंटन ॲशची, म्हणजे निलगिरीच्या एका जातीची, झाडं इतकी उंच की मान मागे टाकली तरी शेंडा दिसत नाही. तासभर काही नाही. मग नेचांच्या आतून तोच आवाज आला. उकर, थांब, उकर. तो आवाज ओळखीचा नसता तर मी चालत पुढे निघून गेले असते. मी होते तिथे बसले. पंधरावीस मिनिटांनी तो बाहेर आला, मातीच्या छोट्या उंचवट्यावर चढला आणि शेपटीची रुपेरी चवरी डोक्यावरून पुढे ओढून घेतली. तिथे इतका अंधार असतो की आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता, ६४०० वर नेऊनही फोटो दाणेदार आले. नेचांच्या आत काहीतरी चांदीचं थरथरतंय, एवढंच दिसतं. तो माझ्या घरातल्या भिंतीवरचा एकमेव फोटो आहे. हील्सव्हिलमध्ये कान तयार झाला नसता तर तो मिळाला नसता.

जाळीतून काढताना काय करायचं ते तुम्हाला बहुतेक कळलेलंच आहे, नाहीतर मुखपृष्ठापर्यंत जाळीचा माग राहिला असता. तरी एक सांगते, वाचकांमध्ये नवखेही असतात. लेन्स जाळीच्या जमेल तितकी जवळ न्या, ॲपर्चर, म्हणजे लेन्सचं छिद्र, पूर्ण उघडं ठेवा, आणि जाळीचा सावलीतला भाग निवडा. उन्हातली जाळी लेन्स टेकवली तरी फोटोवर पांढुरकी चादर ओढते. पक्षी जाळीपासून दूर, मागच्या बाजूला गेला की मगच क्लिक करा. फ्लॅश नको. हील्सव्हिलमध्ये शिकारी पक्षी मोकळे उडवून दाखवतात तेव्हा मात्र उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवायचा सराव करा, शटर सेकंदाच्या दोनहजाराव्या भागाच्या आसपास. असा रियाज रानात करायला कित्येक वर्षं लागतात.

आणि एक गैरसमज, जो मराठी मंडळींमध्येही मी ऐकते: पायात कडं दिसलं की पक्षी पाळीव. इथे ते खरं नाही. रानातल्या ऑरेंज-बेलीड पॅरटच्या, हूडेड प्लवरच्या, रीजेंट हनीईटरच्या पायांत अभ्यासकांनी घातलेली कडी असतात. रीजेंट हनीईटरचं तर असं झालंय, की रानात हे पक्षी इतके विरळ झाले की तरुण नरांना गाणं शिकवायला जवळपास मोठे नरच नाहीत. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे १२ टक्के नर दुसऱ्याच जातींची गाणी गाताना आढळले. मग पिंजऱ्यातल्या पिल्लांना त्यांच्याच जातीचं गाणं ऐकवून शिकवायला सुरुवात झाली. पिंजऱ्यात शिकलेलं मूळ गाणं घेऊन पक्षी रानात जातो, हे मला कितीही वेळा सांगितलं तरी पुरत नाही. तुमचा मित्र अशा पक्ष्याच्या फोटोला काय म्हणेल, विचारा त्याला.

आता अंक. संपादकांना लिहा आणि पुढच्या अंकात दुरुस्ती छापायला सांगा. मंडळाच्या ग्रुपवर मात्र आठवड्याच्या आतच टाका, कारण पुढचा अंक येईपर्यंत ती ओळ फिरत राहील. मजकूर असा चालेल: ‘दिवाळी अंकाच्या मुखपृष्ठावरील पोपट वेरिबीचा नाही. तो हील्सव्हिल सँक्च्युअरीतील संवर्धनासाठी ठेवलेला पक्षी आहे. फोटोंबरोबर मी ठिकाण लिहिलं नव्हतं आणि चूक दिसल्यावर लगेच सांगितलं नाही, याबद्दल क्षमस्व.’ काहीजण कुजबुजतील. एखादा म्हणेल, एवढ्यासाठी काय. तुम्ही उत्तर देत बसू नका. हवं तर त्याच मेसेजखाली लिहा, की हा पक्षी हिवाळ्यात आपल्या घरापासून वीसएक मिनिटांवरच्या खाजणात येऊ शकतो आणि त्याला शोधायला स्वयंसेवक लागतात. पॉइंट कुक, टार्नीट, वेरिबीला राहणारी किती मराठी घरं आहेत, आणि त्यातल्या किती जणांना ठाऊक आहे की आपल्या शेजारच्या सांडपाण्याच्या तळ्यांवर सैबेरियातून पक्षी येतात? तीस ग्रॅमचा रेड-नेक्ड स्टिंट, नांदूर मध्यमेश्वरला आपण बघतो त्या छोट्या टिलव्याचा सख्खा भाऊ शोभेल असा, दर सप्टेंबरात तिथे उतरतो. मी हा मार्ग मुद्दाम सुचवतेय. चुकीच्या ओळीने त्या गृहस्थांचं एक माणूस कमी केलं, तुम्ही त्यांना दोन माणसं मिळवून द्या. त्यातलं एक तुम्ही स्वतः व्हा. ते रागावले असतील तर रागावू द्या, पण पुढच्या गणनेला येऊ का असं त्यांना विचारा.

इथून पुढे फोटो पाठवताना ओळ स्वतः लिहायची: पक्षी, जागा, महिना, आणि बंदिस्त असेल तर ‘बंदिस्त’ हा शब्द. ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर फोटो चढवताना बंदिस्त पक्ष्याची खूण करायची सोय आहे, ती वापरा. छापणाऱ्याला ओळ लांब वाटली तर त्याने पक्ष्याचं विशेषण कापावं. जागा कापू नये, असं त्याला आधीच सांगून ठेवा.

राहिली लेन्स. नका घेऊ, निदान या वर्षी. तुमच्याकडची किती लांबीची आहे ते लिहिलं नाहीत, पण वेरिबीचे चार फोटो जिने काढले ती पुरेशी आहे. वेरिबीला मेलबर्न वॉटरचा पक्षीनिरीक्षणाचा परवाना तुमच्याकडे असणारच. तिथे गाडीतून उतरू नका, गाडी हेच लपण. खिडकीच्या काठावर तांदळाची छोटी पिशवी ठेवून त्यावर लेन्स टेकवा. इंजिन बंद करून अर्धा तास एकाच जागी थांबा, पक्षी हळूहळू जवळ सरकतात.

आणि पोपटच काढायचा असेल तर तुमच्या घराजवळच्या क्रिकेटच्या मैदानावर बघा. पश्चिम मेलबर्नच्या मैदानांवर रेड-रम्प्ड पॅरट गवतात चरत असतात, नर हिरवागार आणि कंबरेवर लाल, मादी फिकट ऑलिव्ह. माना खाली घालून चालतात म्हणून येणारेजाणारे त्यांना पाहतच नाहीत. सीमारेषेच्या बाहेर पोटावर झोपा, कोपरं गवतात, लेन्स जमिनीच्या पातळीला, आणि त्यांच्याकडे सरकू नका. चरत चरत तेच तुमच्याकडे येतील, किंवा येणार नाहीत. शनिवारी जाणार असाल तर सकाळी आठच्या आत जा, त्यानंतर मुलं सरावाला येतात.